मोहोरावरच्या माश्या

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. वणीच्या रस्त्याला आमचा द्राक्षांचा बाग, आणि विहिरीजवळ वडिलांनी लावलेलं एकच गावरान आंब्याचं झाड. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर त्याच झाडाचा पाडाला आलेला आंबा ठेवायचा, आणि मगच आई वर्षाचा पहिला आंबा तोंडात घालायची. त्याआधी कुणी हापूसची पेटी आणून दिली तरी बाई हात लावायची नाही!

त्या थंडीत आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलेलं होतं. दिवसा आंब्याखाली खाट टाकून पडायची. "एवढी आखाजी पाहू दे, बास," म्हणायची. झाडही असं मोहरलं होतं की पान दिसेना.

आणि आभाळ आलं. चार दिवस ऊन नाही, सकाळी नुसतं धुकं. मोहोराला हात लावला की बारीक तुडतुडे भुर्रकन उडायचे. पानं त्यांनी सोडलेल्या चिकट्यानं चमकायला लागली, आईची गोधडीसुद्धा चिकट झाली. आम्ही पडलो द्राक्षवाले. आभाळ आलं की आमचा हात आधी फवाऱ्याकडे जातो.

"अरे, मोहोर फुललाय. माश्या बसत्यात त्याच्यावर. आत्ता औषध नको मारू," आई म्हणाली. "ऊन पडलं की तुडतुडा कमी होतो."

"तू गप पड गं! तुला काय कळतं औषधातलं?" मी खेकसलो. आजारी आईवर खेकसलो मी. तिची खाट ओसरीत नेली आणि द्राक्षाचंच औषध, वर थोडं जास्त टाकून, पार शेंड्यापर्यंत मारलं.

दुसऱ्या दिवशी झाड गप्प. मी फुशारकीनं सांगितलं, "बघ आई, तुडतुडा सोड, एक माशी राहिली नाही."

"नाय राहिली का," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोनच दिवसांनी लख्ख ऊन पडलं. पण मोहोर तसाच सुकला आणि झडला. माशीशिवाय फळ धरत नाही, हे शेजारच्या म्हाताऱ्यानं मला शिव्या घालून सांगितलं. आखाजीला घागरीवर बाजारातला आंबा ठेवला. आईला फोड दिली तर म्हणाली, "राहू दे. आपल्या झाडाला आला की खाईन." रागावली असती तर बरं वाटलं असतं. पोळ्याच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा आभाळ आलं. मी पंपाला हात लावला नाही. आभाळ गेलं, आणि मोहोरावर इतक्या माश्या घोंगावल्या की खाली उभं राहवेना. तिची खाट असायची तिथं बसून मी ढसाढसा रडलो. आंबे एवढे लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

आखाजीला दोन घागरी भरल्या. वडिलांना ठेवल्याशिवाय आईनं आंबा कधी खाल्ला नव्हता. त्या वर्षी दोघांना बरोबरच ठेवला.