धवलारणीची ओळ

ही गोष्ट लिहायची मी अनेक वर्षं टाळली. कथासंग्रह मात्र निघत राहिले.

पनवेलजवळच्या ओवे गावात एका आगरी लग्नात धवलारीण आली होती. धवले गाऊन लग्न लावणारी बाई. हळदीचे हात पदराला पुसत ती गात होती. मध्येच तिने स्वतःची ओळ घातली, "भयनीची जमीन इकली, भावान मांडव घातला." वधूपित्याची बहीण मांडवातच बसली होती. वाजंत्री थांबली.

वधूपित्याने मला विचारलं, "तुम्ही लेखक. धवल्यात असं असतं का?"

धवलारणीला मनातलं गायची मुभा असते, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "नसावं."

तिला बाहेर काढलं. मी जिलबी खाल्ली. फाटकापाशी ती दिसली तेव्हा विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन गप बसल्यान ती जाते का, मास्तर?"

त्यानंतर तिला कोणी लग्नाला बोलावलं नाही, असं ऐकलं.

गेल्या वर्षी माफी मागायला तिच्या दारात गेलो. म्हातारी लगबगीने हात पदराला पुसत बाहेर आली. मला तिने ओळखलं नाही.

"कोनाचा लगीन हाय?"

मी म्हणालो, "घर चुकलं."