बाबांचा चेंडू आणि माझा पाय

माझ्या बाबांनी एकदा माझ्या सख्ख्या मामाला पायचीत दिलं होतं. नागपुरातला साधा रविवारचा सामना, मामा पंचेचाळीस धावांवर मजेत खेळत होता, आणि आई झाडाखाली त्याच्यासाठी डबा घेऊन बसली होती. बाबांनी बोट वर केलं. पुढच्या दोन दिवाळ्या मामा आमच्याकडे फिरकला नाही. आईने कितीही कटकट केली तरी बाबा एवढंच म्हणायचे, "बॉल मधल्या स्टंपावर होता." पोटासाठी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली, पण गावात त्यांना ओळखायचे ते अंपायर म्हणूनच.

हे आधीच सांगून टाकते, कारण अशा माणसाला मी दोन वर्षं फसवलं.

आई गेल्यावर मी त्यांना अमेरिकेत, नेपरव्हिलला घेऊन आले. मी एकुलती एक, त्यामुळे त्यात विचारायचं काही नव्हतंच, आणि मी विचारलंही नाही. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. मी ऑफिसात, नवरा शिकागोच्या ट्रेनमध्ये, मुलगी शाळेत. बर्फ वितळल्यावर मी त्यांना आमच्या गावच्या गोल्फ कोर्सवर नेलं. मी ऑफिसातल्या लोकांच्या नादाने शिकले होते आणि बरी खेळायचे. बाबांना खेळ पहिल्याच दिवशी आवडला, कारण त्यात अंपायर नसतो.

"म्हणजे ज्याने त्याने स्वतःचा अंपायर व्हायचं?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग नियमांचं पुस्तक मागवलं आणि आठवड्याभरात पाठ केलं.

अडचण एकच होती, त्यांना चेंडू दिसायचा नाही. मोतीबिंदू काढला होता, चष्मा नवा होता, पण शंभर यार्डांपलीकडे सगळा अंदाजपंचे कारभार. हे ते मान्य करतील तर शपथ! पहिल्याच महिन्यात त्यांचा चेंडू एका झाडाच्या मुळात अडकलेला मला दिसला. ते पन्नास पावलं मागे होते. मी इकडे तिकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने चेंडू हळूच गवतावर आणला. "बाबा, सापडला! मस्त जागेवर आहे!" त्यांचा चेहरा असा खुलला की पुढच्या वेळी पायाने माझी परवानगी मागितली नाही. पुढे तर तळ्यात गेलेल्या चेंडूच्या जागी माझ्या खिशातला चेंडू पडू लागला. कोर्सवर फिरायची छोटी गाडी, कार्ट, मीच चालवायचे, त्यामुळे चेंडूपाशी पहिली पोचणारी मीच. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितकं चांगलं, आणि बाबांचे फटके दीडशेवरून एकशे सहावर आले.

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात ते ताट हातात धरून सगळ्यांना सांगायचे, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकशे सहा!" माझी मुलगी म्हणायची, "आजोबा, दॅट्स इनसेन!" मला अगदी भरून यायचं. आपण किती गुणी मुलगी आहोत, असंही वाटायचं.

आणि त्याच एकशे सहाच्या जोरावर त्यांनी गेल्या उन्हाळ्यात जाहीर केलं की ते नागपूरला परत जाऊन एकटे राहणार.

"एकशे सहा फटक्यांत जो अठरा होल संपवतो, त्याला गॅस बंद केलाय की नाही हे दिसणार नाही?" ते म्हणाले. मी त्यांचे गुडघे काढले, बीपी काढलं, डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी काढली. भांडणात मी कुणाला हार जात नाही, पण या वेळी माझाच पाय माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. ऑगस्टअखेर मला ऑफिसच्या कामासाठी लंडनला जायचं होतं, तिथून आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी नागपूरला जाणार होतो. बाबांनी अट घातली. इंग्लंडमधलं एक शंभराहून जास्त वर्षांचं गोल्फ कोर्स ते महिनाभर फोनवर बघत होते. माळरानावरचं, जसं होतं तसं ठेवलेलं, आणि तिथे कार्ट नाही.

"इथे तू मला नवरदेवासारखं मिरवतेस. तिथे मी अठरा होल चालेन. एकशे दहाच्या आत आलो तर नागपूरलाच राहणार. नाही आलो तर पंधरा दिवसांनी मुकाट्याने तुझ्याबरोबर परत."

मी तत्काळ हो म्हटलं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त पाय आवरायचा होता. विमानात मी मनातल्या मनात मांडे खात होते.

ते माळरान लंडनपासून तासाभरावर होतं. क्लबची इमारत म्हणजे पांढऱ्या खिडक्यांचं बैठं लाकडी घर. आत गालिचा बघून बाबांनी दारातच बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. टेबलामागचा माणूस त्यांच्या पायांकडे बघतच राहिला. आमच्याबरोबर खेळायला क्लबच्या एक जुन्या सभासद बाई होत्या, ऐंशीच्या घरातल्या, काटक, पिशवीत गोल्फच्या फक्त पाच काठ्या आणि बरोबर एक म्हातारा कुत्रा. त्यांनी बाबांचे मोजे पाहिले आणि म्हणाल्या, "शहाणे आहात. गालिचा आमच्यापेक्षाही जुना आहे."

बाहेर आल्यावर दिसलं ते निराळंच. नेपरव्हिलचं कोर्स म्हणजे कापून, पाणी मारून, विंचरून ठेवलेलं हिरवं. इथे रेताड जमीन, वाळून पिवळं पडलेलं आखूड गवत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब जांभळं रान. हेदर म्हणतात त्या झुडपाला. गुडघ्याच्याही खालचं, बारीक फुलांचं, दिसायला इतकं मऊ की त्यात जाऊन लोळावंसं वाटावं. बाईंनी बाबांना बजावलं, "दिसतं तसं नाही ते. त्यात बॉल गेला तर हिरोगिरी करू नका. छोटी काठी घ्या आणि मुकाट बाहेर या."

बाबा सरळ मारतात. जोर नाही, पण फटका सरळ. त्या कोरड्या जमिनीवर त्यांचा चेंडू जमिनीलगत धावत सुटायचा, नेपरव्हिलला कधी गेला नाही इतका लांब. पहिल्या नऊ होलांना त्यांचे चोपन्न झाले, तेही माझ्या पायाशिवाय! मला अभिमान वाटला आणि मी उरलेले होल मोजू लागले. बाईंचा चेंडू एकदा हेदरमध्ये गेला, त्यांनी जरा वेळ शोधला, "गेला!" म्हणाल्या आणि आनंदाने दुसरा काढला. बाबांनी त्यांना विचारलं, "एकट्याच राहता?" त्या म्हणाल्या, "हो, कुत्रा सोडून." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या बाईंचा रागच आला.

तेराव्या होलपर्यंत बाबांचे अठ्ठ्याहत्तर होते. राहिलेल्या पाच होलांना एकतीस फटके लागले तरी चालणार होते. पण आता ते दमले होते. चढावर दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. चौदाव्या होलवर त्यांचा दुसरा फटका उजवीकडे हेदरमध्ये गेला. मी सवयीने पुढे झाले. चेंडू मला लगेच दिसला, मुळाशी रुतून बसलेला. तिथून बाहेर यायला त्यांना तीन-चार फटके लागले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. मला हवं होतं तसंच.

मी मागे वळून पाहिलं. बाबा वीसेक पावलांवर होते. टोपी काढून घाम पुसत होते, ओठ हलत होते. ते फटके मोजत होते.

मी पाय लावला. चेंडू पिवळ्या गवतावर आला. त्या एका पायाने मी त्यांना नागपूरला धाडत होते, हे मला पुरतं कळत होतं, तरी लावला.

"इथे आहे, बाबा! मस्त जागेवर!"

बाबा चेंडूपाशी आले. काठी काढली नाही. "बॉल इथे नव्हता," ते म्हणाले.

"इथेच होता."

"अगं, तीस वर्षं मी बोलरांचे पाय बघत उभा राहिलो. मला बॉल दिसत नसेल, पाय दिसतो." आणि मग अगदी शांतपणे, "कधीपासून?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "पहिल्या महिन्यापासून," मी म्हटलं.

"म्हणजे मी कच्चा लिंबू."

आमच्या कॉलनीत खेळताना शेजारच्या लहानग्याला आम्ही कच्चा लिंबू करायचो. तो धावायचा, ओरडायचा, घामाघूम व्हायचा, आणि त्याला कुणी आउट करायचं नाही कारण त्याला कुणी मोजायचंच नाही. माझ्या बापाला मी दोन वर्षं तसं खेळवलं होतं. तोंडात मारल्यासारखं झालं.

"कुठे होता, नेमकी जागा दाखव," ते म्हणाले. मी दाखवली. त्यांनी चेंडू परत मुळाशी ठेवला, चांगला दाबून ठेवला. बाहेर यायला चार फटके लागले. बाई कुत्र्याशी काहीतरी बोलत मुद्दाम पुढे निघून गेल्या.

पंधराव्या होलकडे चालताना बाबा म्हणाले, "पैज रद्द. ज्या आकड्यावर मी पैज मारली तो आकडाच खोटा." मग पाच-सहा पावलांनी थांबले. "पण एक सांग. मी हरावं हेच तर तुला हवं होतं. मग आज पाय काहून लावला?"

"तुम्ही हरताना मला बघवत नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही गेलात तर तेही बघवणार नाही. ऑफिसातून आल्यावर घरात तुम्ही असता, ते मला हवंय. जाऊ नका ना, बाबा." त्या जांभळ्या रानात मी चक्क भोकाड पसरलं.

बाबा गोंधळले. रुमाल शोधू लागले, तो घामाने ओला होता, तोच दिला. "दोन वर्षं तू माझे डोळे, गुडघे आणि बीपी यांच्याबद्दल बोलते आहेस," ते म्हणाले. "मला वाटलं, पेशंट झालोय तुमच्या घरात. हवाय असं कुणी म्हटलं नाही."

मी म्हटलं नव्हतं. दर शनिवारी चेंडू हलवत होते, पण तेवढं वाक्य काही तोंडातून निघालं नव्हतं.

अठराव्या होलवर त्यांचा चेंडू पुन्हा हेदरमध्ये गेला. शोधायला तीन मिनिटं मिळतात. मला तो दिसत होता, त्यांच्या डाव्या बुटापासून हातभर. ते काठीने झुडपं बाजूला करत भलतीकडेच शोधत होते. मी जागची हलले नाही, आणि तोंडही उघडलं नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. बाबा चेंडूला ओलांडून गेले, परत आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"गेला!" ते बाईंसारखंच म्हणाले आणि खिशातून दुसरा काढला.

एकशे चोवीस झाले. नियमाप्रमाणे त्यांच्या कार्डावर मी सही करायची होती, म्हणून त्यांनी बाकावर बसून एकेक आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सही केली. त्यांनी कार्ड नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"पंधरा दिवसांत नागपूरचं घर आवरू," ते म्हणाले. "मग दोघं नेपरव्हिलला परत जाऊ. पण तिथे माझा बॉल हरवला तर हरवू द्यायचा."

मी हो म्हटलं. हल्ली शनिवारी नेपरव्हिलला आम्ही चालत खेळतो आणि मी त्यांच्या मागून चालते. परवा त्यांनी सहा चेंडू हरवले. त्यांतले चार मला दिसत होते.