माझे टाके आईने काढले

फसवणूक माझी झाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओपीडीत, डॉक्टरांच्या टेबलावर ती उघडी पडली. फसवणारी माझी सख्खी आई. मऊ शब्दांत लिहायचं ठरवलं होतं, जमत नाहीये.

"बेटा, हाताचे स्नायू सुकायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "आता ऑपरेशनच. हे आधी कळायला हवं होतं."

का नाही कळलं, ते सांगते.

मी मोर्च्यांचे फलक रंगवते, जमिनीवर कोपर टेकवून. दिवाळीच्या आधी उजव्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. मग ब्रश गळून पडायला लागला. बडा गणपतीच्या देवळाजवळची आमची अख्खी गल्ली म्हणाली, मोबाइल कमी कर.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट केली. म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसेचा वेग मोजतात. निघालं क्युबिटल टनेल सिंड्रोम: कोपरापाशी नस दबते, बोटं बधिर होतात, चिमटीतलं बळ जातं. डॉक्टरांनी कोपराला पट्टा दिला, व्यायाम दिले. "थोडी वाट पाहू. हात सुधारला नाही तर पुन्हा टेस्ट."

थेरपिस्ट मॅडमनी चिमटीचा व्यायाम म्हणून भरतकामातला साखळी टाका शिकवला. दोऱ्याला गाठ मारायची, सुई कापडातून वर काढायची. दोऱ्याचा फास डाव्या अंगठ्याखाली दाबायचा. सुई त्याच भोकापाशी खाली घालून थोडं पुढे, फासाच्या आतून वर काढायची. एक कडी झाली. पुढची कडी तिच्या पोटातून. "रोज एक ओळ, और हर बार कपडा लेके आना," मॅडम म्हणाल्या.

माझ्या कड्या म्हणजे चुरगळलेल्या शेवया. सुई निसटायची, मी रडायचे. आई म्हणायची, "ठेव आता, मी इस्त्री करून ठेवते." दुपारी औषधाने मला झोप लागायची. उठून पाहावं तर ओळ सरळ, कड्या सारख्या.

"इस्त्रीने टाके बसतात गं," आई म्हणायची. आणि मी विश्वास ठेवला!

दवाखान्यात कौतुक. "अरे वा, एकदम मशीन जैसा!" दुसरी टेस्ट पुढे ढकलली, मग आणखी पुढे. माझा हात कुणी पाहिलाच नाही. सगळे कापड पाहत होते.

त्या सकाळी करंगळी वाकडी दिसली म्हणून डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर एक टाका घाल." सुई तीनदा पडली. मॅडमनी कापड उलटं केलं. मागे एकही गाठ नव्हती.

"मैं तो सबको गाँठ सिखाती हूँ," त्या म्हणाल्या.

आई गाठ मारत नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली लपवते. सुबक दिसतं.

रिक्षात म्हणाली, "तू रडायचीस. मला देखवत नव्हतं."

"शाळेतही माझं क्राफ्ट तूच करायचीस."

"सगळ्यांच्या आया करायच्या. 'उत्तम' मिळालं की नाही तुला?"

"तेव्हा शेरा मिळाला, आई. आता हात गेला."

 

डीकम्प्रेशन झालं, म्हणजे नसेवरचा दाब मोकळा केला. पूर्ण बळ येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. जाड ब्रश धरता येतो, बारीक अक्षर नाही. मॅडमचे आभार मानते: आता त्या प्रत्येकाला समोर बसवून टाका घालायला लावतात.

मीही रोज घालते. आई समोर बसते. परवा तिचा हात आपोआप कापड ताणून धरणाऱ्या रिंगकडे आला.

"आई, हात मागे."

"घे बाई," म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. माफ केलेलं नाही. पण ती बसते.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याचा वाकडा टाका, सांडलेला घास, अडखळलेलं पाऊल झाकू नका. जसं आहे तसं डॉक्टरांपुढे ठेवा. आजच. इस्त्री न करता.