गोजाबाई पुढच्या दारानं आली

माझ्या आईला वाचायला शिकवलं ते गोजाबाईनं. दोघी मिलच्या रिळिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, शेजारी शेजारी काम करायच्या. त्यामुळे गोजाबाईची हकिकत मी लहानपणापासून ऐकत आले. काही आईकडून, काही तिच्याच तोंडून.

गोजाबाई राहुरीकडची. तिच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत जर्मन फादरांनी छोटं कॅथलिक प्रार्थनामंदिर बांधलं होतं. बाप्तिस्म्यात तिचं नाव आग्नेस ठेवलं, पण गावानं गोजा म्हटलं ते म्हटलंच. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसं इंग्रज सरकारनं शत्रुदेशाचे म्हणून जर्मन फादरांना कैदेत नेलं आणि मंदिराला कुलूप लागलं. अठरा सालच्या दुष्काळात ती नवऱ्यासोबत, कोंडीबासोबत, सोलापूरला मिलच्या कामावर आली. दोन महिने झाले नाहीत तोच मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, तापात कोंडीबा तीन दिवसांत गेला. तेवीस वर्षांची बाई, आणि शहरात ओळखीचं कुणी नाही.

कॅथलिक चर्च सोलापुरात होतं, पण ते स्टेशनच्या बाजूला. तिथं बूट घातलेली, इंग्रजी बोलणारी रेल्वेची माणसं. एकदा ती दारापर्यंत जाऊन परत फिरली. चाळीच्या तोंडाशी मात्र रस्त्यात गात-वाजवत ख्रिस्ताचा प्रचार करणाऱ्या मुक्तिफौजेचा ढोल वाजायचा. वर्षभर ती त्या ढोलामागं गेली, खंजिरी वाजवली. मग ती आजारी पडली, तेव्हा अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट बायांनी तिला आपल्याकडं नेलं, पेज पाजली, बरी केली आणि पाटीवर अक्षर गिरवायला लावलं. तीन वर्षांनी मिशननं तिला बायबलबाई नेमलं. पांढरं लुगडं नेसून, पिशवीत शुभवर्तमान घालून ती पेठांतून फिरायची, कधी पार वळसंग गावापर्यंत जायची आणि बायांना वाचून दाखवायची. राहायला मिशनचीच खोली होती. तिनं ते काम इमानानं केलं.

एकच गोष्ट तिला सलायची. मिशनच्या चर्चचे पाळक गंगाधरराव भला माणूस. पहिल्याच वर्षी तिनं त्यांना विचारलं होतं, "कोंडीबासाठी प्रार्थना केली तर चालंल का?"

"गोजाबाई, तो देवाच्या हाती आहे," ते म्हणाले. "गेलेल्यांसाठी आपल्या पंथात प्रार्थना करत नाहीत."

तिनं ऐकून घेतलं. पण भाकरी थापताना ओठ हलायचेच.

एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात तिला साखर पेठेतल्या एका आजारी बाईकडं धाडलं. मरियम्मा तिचं नाव. तेलुगू विणकराच्या घरातली, कॅथलिक, क्षयानं शेवटाला टेकलेली. गोजाबाईनं शुभवर्तमान उघडलं. मरियम्मानं मान हलवली आणि उशाखालून जपमाळ काढून तिच्या हातात दिली. बोलण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता.

"धा वर्सं माळ हातात धरली न्हवती," गोजाबाई सांगायची. "वाटलं, समदं इसरले आसंन. पर त्वांड उघडलं आन् 'नमो मारिये, कृपापूर्णे' आपसूक आलं की! बोटांना म्हाईत हुतं."

एकीची मराठी, दुसरीची तेलुगू, पण सगळे मणी पुरे झाले. मग गोजाबाई भर दुपारी स्टेशनकडं धावत गेली. ज्या दारातून ती मागं फिरली होती त्याच दारावर थाप मारून तिनं तिथल्या गोव्याकडच्या फादरांना टांग्यात घालून आणलं. फादरांनी मरियम्माला मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं पवित्र तेल लावलं. संध्याकाळच्या आत ती गेली. तिच्या आत्म्यासाठी फादरांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा गोजाबाई गुडघ्यांवर होती. त्या प्रार्थनेत तिनं मोठ्यानं कोंडीबाचं नाव घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कॅथलिक चर्चमध्ये परत जायचा तिचा निश्चय झाला. शेजारची बजाबाई म्हणाली, "रविवारी गुपचूप तिकडं जात जा की. हातची नोकरी कशापायी घालवतीस?"

"म्या काय चोरी केलीया? जाईन तर पुढल्या दारानं."

त्या रविवारी मिशनच्या चर्चमध्ये उपदेश संपल्यावर ती बायांच्या रांगेतून उठली. "तुमी मला मरणातनं उटवलं, अक्षर दिलं. त्ये फिटायचं न्हाय. पर माजं घर तितं हाय, आन् मी घरला चालले. माज्या माघारी कुणी काय बोलाया नगं, म्हणून मीच सांगते."

गंगाधरराव खाली उतरून आले. तिनं खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"मला वाईट वाटतंय, गोजाबाई. तुम्ही चुकता आहात असंच मी म्हणेन," ते म्हणाले. "पण इतक्या सरळपणानं मला आजवर कुणी सोडून गेलं नाही."

त्यांनी स्वतः तिला दारापर्यंत पोचवलं.

स्टेशनच्या चर्चमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. परत येणाऱ्यानं सगळ्यांसमोर म्हणायचा एक कागद होता. फादर वाचून सांगणार होते, तिनं मागं म्हणायचं होतं. गोजाबाईनं कागदच मागून घेतला आणि स्वतः वाचला. मिशनच्या पंथाचा धिक्कार करायच्या ओळीपाशी थांबली.

"फादर, विश्वासाचं समदं म्हणते. मी दूर गेले हुते, ह्ये बी म्हणते. पर ज्यांनी मला पेज पाजली त्यांचा धिक्कार या त्वांडानं व्हायचा न्हाय."

फादरांनी कागदाची घडी घातली. "बरं. नुसता विश्वासांगीकार, आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणा. मोठ्यानं."

ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या बाकांवरचे रेल्वेचे गार्ड माना वळवून बघायला लागले.

पांढरं लुगडं गेलं, ती रिळिंग खात्यात उभी राहिली. बोटं सुतानं कापायची. पण रविवारी मिस्सेची उपासना झाली की चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाखाली ती मिलमधल्या मराठी-तेलुगू बायांना पाट्या घेऊन बसवायची. सुरुवातीला चौघी होत्या, त्यातली एक माझी आई. पुढं एकतीस जणी झाल्या. बूटवाल्यांच्या त्या चर्चमध्ये मराठी प्रार्थना ऐकू यायला लागल्या.

छत्तीस साली पुण्याहून एक वरिष्ठ फादर तपासणीला आले. मी तेव्हा सात वर्षांची, आईच्या मांडीला टेकून बसले होते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली उत्तरं बाया एकेक करून वाचून दाखवत होत्या. पाहुण्या फादरांना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, "या शिकवणाऱ्या बाई कोणत्या कॉन्व्हेंटात शिकल्या?"

आमचे फादर घुटमळले. गोजाबाईनं पदर सावरला.

"अमेरिकन मिशनात, फादर. वाचाया तितं शिकले, म्हणून हितं शिकवाया आले."

आईची मान त्या वेळी अशी ताठ झाली की जणू तिलाच कुणी बक्षीस दिलं होतं. पाहुण्या फादरांनी हसून पुढच्या बाईला खूण केली. पुढची होती सोनाबाई. साठीला आलेली, जन्म रहाटावर गेलेला. ती उठली, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, न अडखळता, 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना शेवटपर्यंत वाचून काढली.