गार भाकर, गरम मिजाज

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक निबंध वर्गासमोर वाचायचा आणि सरांची सही घ्यायची, असा नियम होता. सही नाही तर परीक्षा नाही. चांगले विषय पुढच्या बाकांवरच्यांनी आधीच उचलले. उरलेला माझ्या वाट्याला आला: थंड-गरमचे शब्द इंग्रजीत धोक्याला आणि भांडणाला कसे चिकटले. मी बिदरकडच्या दुबलगुंडीची, घरी मराठी-कन्नड बोलणारी, गुलबर्ग्याला वसतिगृहात राहून इंग्रजी शिकणारी. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एकाच अटीवर पाठवलं होतं. एकदा जरी गाडी अडली, तर शिक्षण बंद आणि उदगीरच्या कापड दुकानदाराच्या घरी लग्न. त्यांच्या मुलाचं मला पाहूनही झालं होतं. मला तो पसंत आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं.

आमच्या भागातली पोरं तेव्हा पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत निघाली होती आणि फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या. मला ते इंग्रजी नको होतं. शब्दाच्या पोटात काय आहे, ते मला हवं होतं.

महिनाभर ग्रंथालयातले जाड कोश उपसले. 'हॉट' हा शब्द अगदी जुन्या इंग्रजीतही नुसता विस्तवाचा नव्हता. आवेशाला, संतापाला तो तेव्हापासूनच वापरत. तिकडचे जुने वैद्य मानत की शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पिवळं पित्त गरम आणि कोरडं. ते वाढलं की माणूस भांडकुदळ होतो. रागात रक्त उकळतं. म्हणून डोकं शांत ठेवून, ठरवून केलेला खून 'थंड रक्तानं' केलेला. पुढे दोन बलाढ्य देश समोरासमोर न लढता वर्षानुवर्षं एकमेकांवर गुरगुरत राहिले, त्याला नाव पडलं 'कोल्ड वॉर'.

वाचता वाचता मला हसू फुटलं. हे तर मी लहानपणीच ऐकलं होतं! हुमनाबादच्या बाजारात एक म्हातारे हकीम बसत. मला उठसूट तोंड यायचं, म्हणून अव्वानं, आमच्या आईनं, त्यांच्याकडे नेलं होतं. त्यांनी नाडी धरली आणि म्हणाले, "बच्ची का मिजाज गरम है. मिर्ची कम देव, छाछ पिलाव." त्यांच्या पाटीवर 'युनानी' असं लिहिलेलं होतं. युनानी म्हणजे ग्रीक. त्या ग्रीक वैद्यांची विद्या एका वाटेनं इंग्लंडात गेली आणि दुसऱ्या वाटेनं, अरबी-फारसीतून, बिदरच्या मुलखात आली. इंग्रजांनी ज्या समजुतीच्या जोरावर रागाला गरम मानलं, तीच समजूत हुमनाबादच्या बाजारात रोज लोकांच्या नाड्या बघत होती.

एक पान मी त्यावर लिहिलं. त्यातच अव्वाचं कोल्ड वॉरही घातलं. अव्वा अप्पांशी तोंडानं कधी भांडली नाही. राग आला की आम्हाला तव्यावरची भाकर आणि अप्पांच्या ताटात सकाळची गार. आमच्याकडे कडक वाळवलेली भाकर मानाची. ही तसली नव्हे, मऊ आणि मुद्दाम गार केलेली. अप्पा ती मुकाट खायचे. मला गुलबर्ग्याला पाठवायचं ठरलं, तेसुद्धा अशा नऊ दिवसांनंतर.

सरांनी कच्चा निबंध वाचून त्या पानावर तिरकी रेघ मारली. हकीम आणि भाकर काढून टाक, बाकी उत्तम आहे, म्हणाले. मी विचारलं, यात खोटं काय आहे? ते म्हणाले, खोटं नाही, हलकं आहे.

हलकं! तो शब्द माझ्या जिव्हारी लागला. खोटं म्हणाले असते, तर मी पुन्हा कोश उघडून बसले असते.

वाचनाच्या दिवशी मी ते पान वाचायला घेतलं. सर म्हणाले, थांब. मी थांबले नाही. मागून कोणीतरी खिदळलं. सर म्हणाले, उगाच गरम होऊ नकोस.

"विषयच तो दिलाय, सर," मी म्हटलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि उठून गेले. सही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं घरी आले. अप्पा तुरीच्या पोत्यांजवळ बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"एक पान न्हवं का? कामून फाडली न्हाईस?"

"त्यात काय चुकलंय ते सांगा, आत्ता फाडते."

"काय ल्हिलीस त्यात?"

मी मराठीत सांगत गेले. हकिमांचं ऐकताना ते मान डोलवत होते. भाकरीवर आले, तेव्हा त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. अव्वा दारात उभी होती.

"हे समद्यांसमोर वाचलीस?"

"व्हय."

अप्पांनी जवळच्या पोत्याचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाले, "आन् उदगीरला काय सांगू?"

"सांगा, पोरगी गरम डोक्याची हाय. अजून शिकायलीय. थांबायचं असंल तर थांबा."

"काय बोलायलीस तू?"

"जसंच्या तसं सांगा," दारातून अव्वा म्हणाली.

अप्पांनी तसंच कळवलं. उदगीरचे लोक थांबले नाहीत. तापट पोरगी म्हणून माझं नाव पाहुण्यारावळ्यांत दोन वर्षं फिरलं. फिरू दे म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं आणि निबंध त्याच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी पानं चाळली. "यात काही बदल केलेला दिसत नाही."

"नाही केला," मी म्हटलं आणि सही होईपर्यंत टेबलापुढून हलले नाही.