चाखायला ठेवलेला मिस कॉल

लेख मी शोधले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं कौतुक माझ्या धाकट्या बहिणीकडे जाणार आहे आणि ते जाताना मला बघवणार नाही.

मी जव्हारला एका सरकारी कार्यालयात बारनिशीला आहे. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नोंद करायची आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर ढकलायचा. कागदात काय लिहिलंय ते पुरतं वाचायची गरज नसते, आणि हळूहळू सवयही राहत नाही. एका दुपारी डबा खाताखाता फोनवर मला कुणीतरी मराठीत आणलेले लेख सापडले. मूळ लेख परदेशी माणसांचे, इंग्रजीतले. स्टार्टअप कसा काढावा, प्रोग्रॅमिंग कसं शिकावं, स्वतःच्या डोक्याने विचार कसा करावा, असले विषय. माझं इंग्रजी शिक्क्यापुरतं. पण हे मराठीत होतं, आणि काय मराठीत! 'संस्थापक' काय, 'वापरकर्ता' काय, 'स्वतंत्र विचार' काय. वाचता वाचता माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. त्या लेखांतली माणसं गॅरेजात कंपन्या सुरू करायची. आमच्याकडे गॅरेज म्हणजे स्टँडच्या पुढे पंक्चर काढतात ती जागा, तरीही मला वाटायचं की आपलं गॅरेज कुठेतरी आपली वाट बघतंय.

थोड्याच दिवसांत मी कार्यालयात सांगूनही टाकलं की मी काहीतरी काढणार आहे. कंपनीचं नाव ठरलं. नावाखाली लिहायची ओळ ठरली. काय काढायचं, तेवढं राहिलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे मला काय कळत नव्हतं? पण कढी जोरात उकळत होती आणि शेजारच्या टेबलावरची बाई "ऐकव ना अजून" म्हणत होती.

वाचलेला लेख मी बहिणीला पाठवायचे. खरं सांगायचं तर निम्मा वाचून झाला की पाठवून मोकळी व्हायचे. शिक्का मारला, ढकलला पुढे. वर माझी एक ओळ असायची, 'वाच आणि विचार कर.' आम्ही दोघी साखरशेत गावच्या. दोघी बारावी, दोघींनी जव्हारला एकच कॉम्प्युटर कोर्स केला. त्यात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, आणि ती गोष्ट ती विसरली असेल, मी नाही. मला नोकरी लागली. तिचं लग्न झालं ते मोखाड्याच्या वर, सूर्यमाळला. तिथे पाडे डोंगरभर विखुरलेले, एका पाड्यावरची हाक लांबच्या पाड्याला जात नाही. रेंजही सगळीकडे नाही. घराच्या मागच्या उंचवट्यावर एका दगडापाशी ती येते, तिथे उभी राहून ही बाई माझे लेख उघडायची. आणि शेवटपर्यंत वाचायची.

मग फोन यायचा. "ताय, वापरकर्ता म्हंजे कोण गं?"

"जो वापरतो तो."

"म्हंजे बायाच ना? मग सरळ बाया म्हणाव की त्याला."

मी म्हणायचे, "तुला कळायचं नाही." ती खदाखदा हसायची.

पुढे पुढे तिने दिराचा जुना लॅपटॉप घेतला आणि प्रोग्रॅम चुकला की पडद्यावर येणाऱ्या लाल अक्षरातल्या इंग्रजी ओळी फोनवरून मला वाचून दाखवायला लागली. एकेक अक्षर सुटं सुटं. मी अर्थ सांगायचे, तो अर्धाअधिक अंदाजाने. मला वाटायचं, पोरगी खेळतेय, खेळू दे. मला जरा बरंच वाटायचं, कारण अजून ती मलाच विचारत होती.

शिमगा झाल्यावर ती जव्हारला आली. पिशवीत बोरं होती आणि एक जुना फोन होता. बोरं माझ्यापुढे ठेवली आणि फोन हातात धरून ती सांगायला लागली.

सूर्यमाळला उन्हाळ्यात विहिरी आटतात. मग टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओतून जातो. तो कधी येईल याचा नेम नाही. सकाळी येतो, कधी दुपारी येतो, एखाद्या दिवशी येतच नाही. बाया हंडे घेऊन विहिरीवर बसून राहतात आणि त्यांचा दिवस मोडतो. ज्यांना बसायला जमत नाही आणि ज्यांचा पाडा लांब, त्यांच्या वाट्याला गाळ. आता बहिणीने काय केलं होतं, तर घाटाच्या वळणावर जिचं घर आहे तिने टँकर दिसला की या जुन्या फोनवर एक मिस कॉल द्यायचा. तिने त्यात घातलेल्या प्रोग्रॅममुळे हा फोन तो कॉल कापतो आणि आपणहून एकेका पाड्याला मिस कॉल देत सुटतो. पाड्यावर रेंजच्या जागी कुणाचा ना कुणाचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाडाला टांगलेला असतोच. तो वाजला की हंडा उचलायचा आणि निघायचं. नेट नको, वाचता यायला नको.

"एवढंच?" मी म्हटलं.

तेवढंच तोंडातून निघालं, कारण आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मला त्याच क्षणी कळलं होतं की हे भारी आहे. 'जी अडचण आपल्या पायाखालीच आहे, तिच्यावर काम करावं' अशा अर्थाचं काहीतरी एका लेखात होतं, आणि ते मी कार्यालयात हातवारे करून सांगितलं होतं. मी सांगितलं, हिने केलं. लेख माझे, लाल ओळींचे अर्थ माझे, आणि डोकं मात्र चाललं हिचं! सख्ख्या बहिणीचा इतका हेवा वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं. बोरंसुद्धा आंबट लागली.

"बाया काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आजून चालू कुठं केलंय? नवं हाय ना. पयलं तू."

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. नवी काकडी, नवा तांदूळ, नवी नाचणी, काहीही नवं घरात आलं की आधी देवापुढे जातं, मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस ते तोंडात घालतं आणि म्हणतं, "खा आता." त्याआधी कुणी चाखत नाही, पोरंसोरंसुद्धा नाही. आई-वडील गेल्यावर मोठी मीच. बहीण दर वर्षी नव्या नाचणीची पहिली भाकरी फडक्यात बांधून घाट उतरून माझ्याकडे येते. मी तुकडा मोडते, "खा आता" म्हणते, आणि मग तिकडे तिच्या घरी नवी नाचणी दळली जाते. तर तिने हा मिस कॉलसुद्धा नव्या नाचणीत धरला. मी एकदा त्या फोनवर मिस कॉल द्यायचा, चाललं तर "खा आता" म्हणायचं, मग बाया वापरणार. आधी नाही.

तिने नंबर दिला. मी म्हटलं, "बघते गं, जरा कामातून मोकळी झाले की."

एक मिस कॉल द्यायला कसलं मोकळं व्हायचं? पण मी नाही दिला. त्या आठवड्यात नाही, पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या नाही. माझ्याशिवाय ते सुरू होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्यात एक गोडी होती. तिचा फोन आला की मी मार्चअखेरच्या कामाचं सांगायचे, मार्च संपल्यावर डोकेदुखीचं सांगायचे. ती कधी आठवण करायची नाही, नुसतं पाण्याचं बोलायची. आज टँकर दुपारी आला, आज आलाच नाही.

मग मी एक डाव टाकला. अर्धीकच्ची का होईना, वस्तू लगेच लोकांच्या हातात द्यावी, वाट बघत बसू नये, अशा अर्थाचा एक लेख होता. तो पाठवला. पाठोपाठ दुसरा, सगळे करतात म्हणून करायचं सोडून द्या, रीतीला प्रश्न विचारा, असं सांगणारा. माझा हेतू साधा होता. तिने ते वाचून माझी वाट न बघता सुरू करावं, म्हणजे मला तोंड फुगवून बसता येईल. मोठ्या बहिणीला विचारलंसुद्धा नाही, असं नातेवाइकांत सांगता येईल. हेवा उघडा दाखवता येत नाही, अपमान दाखवता येतो.

तिचं उत्तर आलं, 'दोनी वाचले. चांगले हायत. पण नवं हाय.'

शेवटी एका रविवारी मीच एसटीने खोडाळ्याला गेले, तिथून जीपने वर. का गेले? बघायला गेले, दुसरं काय. वाटलं, गुपचूप सुरू केलंच असेल हिने.

विहिरीवर बाया बसल्या होत्या. हंडे ओळीने लावलेले, पदर डोक्यावर ओढलेले, काही जणी तिथेच दगडाला टेकून पेंगत होत्या. बहीण माझ्यापुढे चालत होती, तिला बघून सगळ्या बोलायला लागल्या. एकीने माझ्याकडे हनुवटी केली.

"हीच का ती? हिच्यापायी बसलूं आमी?"

"हीच," बहीण म्हणाली. "मोठी हाय माझी."

"मोठी हाय त दात नाय का हिला? चाखवत नाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वाईट बोलल्या नाहीत, पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्या. त्या सगळ्या तिला ओळखत होत्या, तिच्या फोनची वाट बघत होत्या. मी इतकी वर्षं शिक्के मारतेय, माझी अशी वाट कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

ऊन डोक्यावर आल्यावर टँकर आला. पाइप विहिरीत सोडला आणि बसलेल्या सगळ्या एकदम उठल्या. दोर, हंडे, कोपरं, आरडाओरडा. पाणी ओतून टँकर गेला, बसलेल्यांचे हंडे भरले आणि विहीर पुन्हा तळाला गेली. त्यानंतर वरच्या पाड्यावरची एक जण धापा टाकत आली. तिने वाकून आत बघितलं आणि पोहरा सोडला. पोहऱ्यात लालसर चिखल आला. तो निवळायला तिने हंड्यावर फडकं बांधलं आणि ती बाजूला बसली.

मी बहिणीला बाजूला घेतलं. रागानेच विचारलं, "लेख पाठवला होता ना तुला? वाट बघू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. मग थांबलीस कशाला?"

"लेखवाल्याला मोठी बहीण नसंल," ती म्हणाली.

"आणि रीतीला प्रश्न विचारा म्हणतो ते?"

"इचारला ना. आपल्या डोक्यानं इचारला." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तू पाठवलंस म्हणून मना सुचलं. मग तुझ्याआधी बायांना कसं देऊ?"

मला तेव्हा तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं आणि तिला जवळ घ्यावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "रेंज कुठं येते?"

घरामागच्या दगडापाशी गेलो. मी नंबर लावला. शेजारच्या झाडाला पिशवीत टांगलेला तो जुना फोन वाजला आणि लगेच माझा कॉल कापला गेला. मग माझ्याच हातातला फोन वाजला. एकदा वाजून बंद पडला.

फसलं! खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पाड्यांना जायचा तो कॉल उलट माझ्याकडेच आला होता. मी चेहरा शक्य तितका पाडून म्हटलं, "अगं, हा तर मलाच लागला."

"तुलाच लागणार," ती म्हणाली. "तुझा नंबर पयला घातलाय. पयला घास कोणाचा?"

मी काही बोलायच्या आत खालच्या बाजूला कुठेतरी बारीक रिंग वाजली. मग पलीकडच्या उतारावर एक. मग जरा पुढे, मोहाच्या झाडांकडे, आणखी एक. कुणीतरी पोरगं तिकडून ओरडलं, "टँकर आला, टँकर आला!" बहिणीने हात तोंडाशी नेऊन उलटी हाक दिली की नाय नाय, ताय चाखते. ती इतकी हसत होती की तिला धड ओरडता येत नव्हतं.

मग ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आपला शब्द काय आहे ते मला माहीत होतं. नव्या नाचणीचा तुकडा मोडला की तो आपसूक निघतो, आज तो ओढून काढावा लागला.

"खा आता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

आता जव्हारला माझ्या टेबलावर रोज फोन वाजतो. एक रिंग, बस. शेजारची बाई डोळे मिचकावून विचारते, "कोण गं हा, रोज मिस कॉल देतो?" मी सांगते, "टँकर." लेख मी अजून वाचते, पाठवते, आणि तिने माझ्याआधी शेवटापर्यंत वाचला की चिडते. कंपनीचं नाव माझ्याकडे तसंच पडून आहे. आणि रिंग वाजली की पोटात रोज दुखतं, हे माझं असायला हवं होतं म्हणून.

पण एखाद्या दिवशी दुपार कलते आणि फोन वाजत नाही. मग शिक्का माझ्या हातातच राहतो. मी फोन उलटसुलट करून बघते, रेंज बघते, तो घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहते. फडकं बांधलेला तो हंडा डोळ्यांपुढून हलत नाही. "वाज की मेल्या," मी म्हणते, "वाज."