कशावरून सर

कुणी काहीही म्हणो, सरांचा प्रश्न ठरलेला: "कशावरून?" आज थंडी कमी आहे म्हटलं तरी कशावरून, शेजारी भले आहेत म्हटलं तरी कशावरून. पुण्यात त्यांनी जन्मभर सामाजिक शास्त्रांचं तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर इथे परदेशात, क्लोनडॉकिनला आमच्या शेजारी, लेकीकडे राहायला आले, तेव्हा त्यांचं ऐकायला मी एकटीच उरले. लेक मुक्ता डॉक्टर, आठवडाभर दूर लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलात असायची आणि शनिवार-रविवार घरी.

मी बॉल्सब्रिजच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या समाधानाला एक ते पाच गुण देणाऱ्या प्रश्नावल्या बनवते, हे कळल्यावर सरांना आयतंच गिऱ्हाईक मिळालं. "चारवाला माणूस दोनवाल्याच्या दुप्पट सुखी का गं?" मी चिडून म्हणायचे, "सर, कंपनीला आकडा लागतो." ते चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, "दगड का पडला, ते बाहेरून सांगता येतं. माणूस का पडला, ते त्यालाच विचारावं लागतं. आणि विचारून थांबावं लागतं." थांबायची ही अट मला निव्वळ प्राध्यापकी वाटायची.

गेल्या हिवाळ्यात ते जेवेनासे झाले. मुक्ताने फोनवर गळ घातली, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथे हातात एक छापील फॉर्म आला. सर चष्मा घरी विसरले होते, म्हणून मी वाचून दाखवलं: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?

"उदास म्हणजे काय, ते आधी सांगतो," सर म्हणाले. इतक्या दिवसांत प्रथमच ते स्वतःबद्दल बोलत होते. "सकाळी जाग येते, तेव्हा वाटतं, आता कुणासाठी..."

माझी अकराची मीटिंग होती. मी 'काही दिवस'वर खूण केली. खालच्या सगळ्या ओळींवरही तीच. सर माझ्या पेनाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "निरीक्षक घाईत होता, याचीही नोंद कर."

फॉर्मवरच्या गुणांची बेरीज किरकोळ आली. डॉक्टरीणबाई मला हसून म्हणाल्या, "युवर मॅन इज ग्रँड." म्हणजे, सर अगदी ठीक आहेत.

त्यानंतर सरांनी मला कधीच कशावरून विचारलं नाही. मी काहीही म्हटलं तरी मान डोलवायचे. ते मला फार लागायचं. फेब्रुवारीत एका सकाळी ते उठलेच नाहीत.

मुक्ता माझ्या गळ्यात पडून रडली. "पण फॉर्ममध्ये बाबा ठीक होते ना गं?"

मी हो म्हटलं. तिने कशावरून विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

निरीक्षक घाईत होता. नोंद आत्ता करते आहे.